कुणाला काही विचारायचंय?

व्याख्यान संपतं, टाळ्या विरतात आणि सूत्रसंचालक विचारतो, "कुणाला काही विचारायचंय?" त्यानंतर जी शांतता पडते तिच्याकडे माझं फार लक्ष असतं. लोक पायांशी ठेवलेल्या पिशव्या चाचपतात. कुणी पाण्याची बाटली उघडतं, कुणी मान खाली घालतं, जसं वर्गात मास्तरांची नजर चुकवायला घालायचो. न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटी कॉलेजच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कॉलेजच्या, ग्रंथालयात ही शांतता मोडायची घाई कुणी करत नाही. मी तिथे कामाला लागले तेव्हा मुख्य ग्रंथपालांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं, सावकाश, आणि दहा होईपर्यंत आभारांचं नाव काढायचं नाही. मी मराठीत मोजते. सहा-सातच्या सुमारास बहुतेक वेळा एक हात वर जातो.

त्या शांततेत माझाही हात एकदा वर गेला होता, त्याची ही गोष्ट.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये मी इथे आले. नवऱ्याच्या नोकरीवर माझा व्हिसा, एच-फोर. त्यावर तेव्हा राहता यायचं, शिकता यायचं, नोकरी करता येत नव्हती. पुण्यात मी आठ वर्षं मुद्रितं तपासत होते. दिवसभर शब्दांशी झटापट, मधल्या वेळेत चहा आणि ऱ्हस्व-दीर्घावरून वाद. इथे सकाळी आठला दार लागलं की संध्याकाळी सहापर्यंत बोलायला कुणी नसायचं. गाडी चालवता येत नव्हती. चालत जाण्यासारखं एकच ठिकाण होतं, दीड मैलावरचं काउंटी कॉलेज, आणि त्या वाटेवरही निम्म्या रस्त्याला पदपथ नव्हता. गवतातून जावं लागायचं.

पहिल्या दिवशी ग्रंथालयाच्या दारात मी थबकले. आपल्याकडे ओळखपत्राशिवाय कॉलेजच्या ग्रंथालयात कोण सोडतं? टेबलामागच्या मुलीला विचारलं, मी इथली विद्यार्थिनी नाही, बसले तर चालेल का? तिला माझा प्रश्न नीट कळलाच नाही. "ग्रंथालय उघडं आहे," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

हा त्या मुलीचा चांगुलपणा होताच, पण त्यामागे एक जुना विचारही होता, तो मला पुढे कळला. शिकागोजवळच्या जोलिएटला १९०१ मध्ये अशा प्रकारचं पहिलं सरकारी दोन वर्षांचं कॉलेज निघालं, तेव्हा त्याचा हेतू एवढाच होता की मुलांनी घरी राहून विद्यापीठाची पहिली दोन वर्षं पुरी करावीत. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द रूढ केला आणि म्हटलं की ही कॉलेजं भोवतालच्या सगळ्या वस्तीसाठी शिकण्याची जागा असावीत. न्यू जर्सीने त्यासाठी १९६२ मध्ये कायदा केला, पहिली कॉलेजं १९६६ मध्ये उघडली, आणि आज २१ काउंट्यांसाठी अशी १८ कॉलेजं आहेत. काउंटीतल्या घरांवरच्या कराचा थोडा भाग त्यांना जातो. म्हणजे आमच्या भाड्याच्या घराचा मालक जो कर भरत होता, त्यातला काही पैसा त्या खुर्चीत होता ज्यावर मी बसायला परवानगी मागत होते.

सप्टेंबरच्या मध्यावर ग्रंथालयाच्या दाराला एक कागद चिकटवलेला दिसला. संविधान दिनानिमित्त परिसंवाद, दुपारी साडेबारा, वाचनकक्ष, सर्वांना प्रवेश. अमेरिकेचं संविधान १७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात सह्या होऊन पुरं झालं. २००४ मध्ये इथे असा नियम झाला की केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने त्या दिवशी संविधानावर काहीतरी कार्यक्रम करायचाच. सक्तीचा कार्यक्रम कसा होतो ते आपल्याला ठाऊक आहे. पुष्कळ ठिकाणी भिंतीवर एक तक्ता लागतो आणि काम भागतं. आमच्या ग्रंथपालांनी मात्र त्या सक्तीतून दरवर्षी एक खरी चर्चा घडवून आणली. त्यांचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं.

वाचनकक्षातली टेबलं भिंतीला सरकवून वीसेक खुर्च्या मांडल्या होत्या. निम्म्यांवर विद्यार्थी. त्यातले बरेच दाराशी ठेवलेल्या कागदावर सही करून आले होते, कारण हजेरी लावली की एखाद्या विषयात थोडे जादा गुण मिळतात. बाकीचे निवृत्त लोक, दोन आया, कडेवर एक मूल. वक्ते तिघं: कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक, एक वकील बाई, आणि स्थानिक इतिहास जपणाऱ्या मंडळातले एक आजोबा. विषय होता न्यू जर्सीचं स्वतःचं पहिलं संविधान, २ जुलै १७७६ चं.

त्यात मतदार कोण, हे सांगताना 'सर्व रहिवासी' असा शब्द आहे. वयाने सज्ञान, पन्नास पौंडांची मालमत्ता असलेले आणि त्या काउंटीत निवडणुकीआधी बारा महिने राहिलेले सर्व रहिवासी. पुरुष असं लिहिलेलं नाही, गोरे असंही नाही. पुढे १७९० आणि १७९७ च्या निवडणूक कायद्यांत तर मतदाराचा उल्लेख 'तो किंवा ती' असा स्पष्टच केला. त्या काळात न्यू जर्सीतल्या बायकांनी खरोखर मतं दिली, स्वतंत्र काळ्या नागरिकांनीही दिली. मग १८०७ मध्ये विधिमंडळाने नवा कायदा करून मत फक्त गोऱ्या पुरुषांपुरतं ठेवलं. बायकांना ते परत मिळायला १९२० उजाडलं.

मुद्रितं तपासणारीचं डोकं अशा वेळी एका शब्दावर अडतं. 'सर्व'. आणि त्याच्याच पुढे 'पन्नास पौंड'. प्राध्यापक पुढच्या मुद्द्यावर गेले तरी मी तिथेच होते. प्रश्नांची वेळ आली, ती शांतता पडली, आणि माझा हात वर गेला. महिनाभरात दुकानदाराखेरीज कुणाशी इंग्रजी बोलले नव्हते. आवाज आधी फुटलाच नाही, मग फार मोठा आला. "लग्न झालेल्या बायकांचं काय?" मी विचारलं. "त्यांचे पन्नास पौंड कुणाच्या नावावर असायचे?"

वकील बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी सांगितलं की तेव्हाच्या कायद्यात लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याची होत असे. त्यामुळे मत देणाऱ्या बायका बहुतेक विधवा किंवा अविवाहित. नवरा असलेली बाई रहिवासी होती, पण मोजली जात नव्हती. प्राध्यापक म्हणाले, "हा मुद्दा मी घाईत ओलांडून गेलो. तो आधी यायला हवा होता." एवढंच वाक्य. माझ्या पर्समध्ये त्या वेळी जे कागद होते त्यांवर माझं इथलं असणं नवऱ्याच्या नोकरीला टाचलेलं होतं. त्या खोलीतल्या कुणाला हे माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

कार्यक्रम संपल्यावर ग्रंथपाल दाराशी उभ्या असलेल्या ढकलगाडीकडे मला घेऊन गेल्या. विषयाशी जुळणारी तीसेक पुस्तकं त्यांनी आधीच काढून त्यावर लावली होती. एक उचलून त्यांनी पान उघडलं आणि हातात दिलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे, म्हणाल्या, पण पुरतं नाही.

घरी येताना गवतातून चालताना मला एक जुनी चिठ्ठी आठवत होती.

आमच्या तालुक्याच्या गावात दर जानेवारीत वाचनालयाची व्याख्यानमाला व्हायची. सात दिवस, सात वक्ते. बाबा वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होते, त्यामुळे सतरंज्या घालणं, तांब्या-भांडं भरून ठेवणं, वक्त्यांना एसटी स्टँडवरून आणणं ही कामं आमच्या घरचीच. थंडीत शाली पांघरून शे-दीडशे माणसं पटांगणात बसायची. उत्तमोत्तम वक्ते ऐकले मी तिथे, फुकट, वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षापासून. त्या ऋणाबद्दल शंका नाही. पण श्रोत्यांनी प्रश्न विचारायचा तो चिठ्ठीवर लिहून. चिठ्ठ्या अध्यक्षांकडे जायच्या, अध्यक्ष त्या चाळायचे आणि दोन-तीन वाचून दाखवायचे. अकरावीत असताना मी एक चिठ्ठी पाठवली. वक्ते संतांच्या समतेवर बोलले होते आणि मला विचारायचं होतं की मग वाचनालयाच्या कार्यकारिणीत एकही बाई का नाही. अध्यक्षांनी ती वाचली, म्हणजे स्वतःशी वाचली. घडी घातली, खिशात ठेवली आणि "वेळेअभावी" म्हणून आभारांकडे वळले. रात्री सतरंज्या झटकताना बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी उभी राहून विचार." पुढच्या वर्षी माझी बारावीची तयारी होती, मी गेलेच नाही.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. फार सुंदर नाव आहे. जिथे राज्य परक्यांचं आणि चारचौघांत बोलण्याची सवय नाही, तिथे माणसाला बोलतं करणं हेच मोठं काम होतं. ते काम रानड्यांच्या पिढीने केलं म्हणून तर महाराष्ट्रातल्या गावोगावी माझ्या बाबांसारखी माणसं सतरंज्या घालत राहिली. मला वाटतं, त्या कामाचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे अजून नीट हाती घेतलेला नाही. श्रोत्याला बोलतं करणं. वक्त्याला हार, शाल, श्रीफळ; श्रोत्याला चिठ्ठी.

इथली परंपरा काही वेगळ्या रक्ताची आहे असं नाही. जोसाया होलब्रुक यांनी १८२६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मिलबरी या छोट्या गावात 'लायसियम' नावाचं मंडळ काढलं. गावकऱ्यांनी एकत्र यायचं, एकाने व्याख्यान द्यायचं, मग वादविवाद करायचा. बघता बघता गावोगावी अशी मंडळं निघाली. काँकर्डच्या लायसियममध्ये जानेवारी १८४८ मध्ये हेन्री डेव्हिड थोरो यांनी गावकऱ्यांपुढे सांगितलं की अन्यायी सरकारला कर देणं आपण का नाकारलं. त्या व्याख्यानाचा पुढे निबंध झाला आणि तो निबंध गांधीजींपर्यंत पोचला. तेव्हा ऐकायला कितीसे लोक असतील?

आणि इथेच जवळ, आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, रोझेल नावाचं गाव आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत उतरल्या त्या याच गावी कार्पेंटर कुटुंबाकडे राहायला आल्या. त्यांचं डॉक्टर होणं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्यांचं भाषण फारसं कुणी सांगत नाही. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाची अठरा वर्षंही पुरी नसताना, त्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीत बोलल्या. लोक त्यांना रस्त्यात, पोस्टात, घरात येऊन जे प्रश्न विचारून सतावत होते, तेच त्यांनी व्याख्यानाचे मुद्दे केले. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? जातीबाहेर टाकलं तर? संकट आलं तर? आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते मीच का करावं? एकेक प्रश्न घेतला आणि एकेकाचं उत्तर दिलं. मराठी बाईने जाहीर सभेत दिलेल्या सुरुवातीच्या भाषणांपैकी हे एक, आणि त्याची सगळी बांधणी प्रश्नोत्तरांची. पहिल्यांदा रोझेलला गेले तेव्हा त्या गावातल्या रस्त्यांवर मी नुसती चालत राहिले.

मे २०१५ मध्ये एच-फोरवरच्या काही जणांना कामाची परवानगी मिळू लागली. माझी यायला आणखी एक वर्ष गेलं. तोवर मी जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाला जात होते, ग्रंथपालांना माझी नेहमीची खुर्ची माहीत झाली होती. अर्धवेळ जागा निघाली तेव्हा त्यांनीच अर्ज हातात ठेवला. तेव्हापासून खुर्च्या मी मांडते.

किती खुर्च्या मांडायच्या हा साधा प्रश्न नाही. चाळीस मांडल्या आणि अकरा माणसं आली तर ती अकरा माणसं स्वतःला चुकून आल्यासारखी वाटून घेतात. पंधरा मांडल्या आणि पंचवीस आली तर उठून खुर्च्या आणताना माणसं एकमेकांशी बोलायला लागतात, आणि त्या सभेत प्रश्न जास्त येतात. म्हणून मी नेहमी कमी मांडते. दुसरं, वक्ते तीनच हवेत. एकदा एका परिसंवादात आम्ही पाच जण बोलावले. प्रत्येकाला दहा मिनिटं ठरली होती, प्रत्येकाने पंधरा घेतली. प्रश्नांना चार मिनिटं उरली आणि एक नर्सिंगची विद्यार्थिनी हात वर करून, खाली करून, बॅग उचलून निघून गेली. तिचा प्रश्न काय होता ते मी अजूनही मनाशी जुळवून बघते. त्यानंतर मी घड्याळ बघून वक्त्याच्या समोर उभी राहते. वाईटपणा घेते.

काही जण प्रश्न विचारायला म्हणून उभे राहतात आणि स्वतःचंच सांगत सुटतात. एक गृहस्थ नेहमी यायचे, पत्नी वारल्यानंतर यायला लागलेले. विषय हवामान असो की जुनी रेल्वे, त्यांचं बोलणं पाच मिनिटं चालायचं आणि शेवटी प्रश्न नसायचाच. विद्यार्थी चुळबुळ करायचे. सूत्रसंचालकाने त्यांना मध्येच थांबवावं असं माझंही आधी मत होतं. ग्रंथपाल म्हणाल्या की त्यांना शेवटची पाळी द्यायची, आणि नंतर चहाच्या टेबलाशी त्यांच्याजवळ उभं राहायचं. मी उभी राहत गेले. त्या माणसाला १९५० च्या दशकातली ही सगळी काउंटी शेतांसकट पाठ होती.

गर्दी मोजायला आमच्या हातात एक बोटाने दाबायचं यंत्र असतं, तो आकडा वर पाठवावा लागतो. ग्रंथपाल मात्र वेगळं मोजतात. कार्यक्रमानंतर ढकलगाडीवरची किती पुस्तकं घरी गेली ते. सभागृहात आणि ग्रंथालयात व्याख्यान ठेवण्यात फरक तो हाच. वक्ता चुकला, अर्धवट बोलला, श्रोत्याचं समाधान झालं नाही, तर पुढचं पाऊल दहा फुटांवर उभं असतं. एका नोव्हेंबरात माझ्याच आग्रहावरून आम्ही भारताच्या संविधानावर कार्यक्रम ठेवला. इथून रेल्वेने तासाभरावर, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ शिकले, तिथून सुरुवात केली. डॉमिनिकन वंशाच्या एका मुलाने विचारलं की अमेरिकेच्या मूळ संविधानात सात कलमं, तुमच्यात सुरुवातीलाच ३९५, इतकी का? वक्त्यांनी दिलेल्या उत्तराने त्याचं समाधान झालं नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जाताना त्याने संविधान सभेतल्या चर्चांचा जाडजूड खंड काखेत मारला. त्या दिवशी गाडीवरून एकच पुस्तक गेलं. मी आकडा लिहिला: १.

पैसा नेहमीच थोडा असायचा. राज्याराज्यांत मानव्यविद्या परिषदा आहेत, त्या अशा ग्रंथालयांना वक्त्याच्या मानधनासाठी मदत करत आल्या. त्यांना पैसा देणाऱ्या केंद्राच्या निधीने एप्रिल २०२५ मध्ये ही अनुदानं एकाएकी रद्द केली. रक्कम ऐकली तर कुणी हसेल, एका कार्यक्रमाला काहीशे डॉलर. पण तेवढ्यात दूरच्या गावातला एखादा अभ्यासक पेट्रोल भरून येऊ शकायचा. मला याचा राग आहे. आता आम्ही काउंटीतलीच माणसं शोधतो, जी फुकट बोलतील.

अशाच एका परिसंवादाचं सांगते. विषय होता गोदामं. टर्नपाइक या इथल्या टोलच्या महामार्गाच्या आठ-ए एक्झिटच्या आसपास गेल्या काही दशकांत मैलोगणिक गोदामं उभी राहिली, पूर्वी तिथे बटाट्याची आणि मक्याची शेतं होती. वक्ते तिघं: भूगोलाच्या प्राध्यापक, टाउनशिपच्या नियोजन मंडळावरचे एक सदस्य, आणि जमीन न विकलेला एक शेतकरी. अठरा माणसं. चर्चा चांगली झाली. "कुणाला काही विचारायचंय?" मी विचारलं आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. कुणी खोकलं. पाच, सहा. आठ झाले तेव्हा दाराजवळ उभ्या असलेल्या एका माणसाने हात अर्धा वर केला. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, कामावरून थेट आलेला. अडखळत इंग्रजीत म्हणाला, "मी रात्री जिथे काम करतो, त्या जागी कुणाचं शेत होतं?"

तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. शेतकऱ्याने गोदामाचा नंबर विचारला, रस्ता विचारला, डोळे मिटून आठवून पाहिलं. ग्रंथपाल तोवर उठल्या होत्या. आतल्या खोलीतून त्यांनी काउंटीच्या जुन्या नकाशांचं मोठं पुस्तक आणलं आणि टेबलावर पसरलं. त्यात प्रत्येक घराशेजारी मालकाचं आडनाव छापलेलं होतं. पंधरा-सोळा डोकी त्यावर वाकली. त्या माणसाने बोटाने ओढा शोधला, ओढ्यावरून रस्ता, आणि एका आडनावाशी थांबला. दोनदा मोठ्याने वाचलं.

नकाशांचं पुस्तक बाहेर नेता येत नाही. मी त्याला गाडीवरचं दुसरं पुस्तक दाखवलं, त्या भागातल्या शेतीचा इतिहास. त्याने ते उलटसुलट केलं आणि परत ठेवलं. इथे शिकत नाही, म्हणाला. शिकायला नको, कार्ड करून देते, मी म्हटलं. मग त्याने खालच्या आवाजात सांगितलं की तो इथला नागरिकही नाही.

मी अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला आणि त्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. काउंटीचे रहिवासी आहात का, एवढंच तिथे विचारलं होतं. त्याने जाकिटाच्या खिशातून पेन काढलं आणि पत्ता लिहायला घेतला.